बाबांचे बंद केलेले मासे

बेल वाजली की बाबा न्हाणीघरात जाऊन कडी लावून घ्यायचे. मग बेल दूधवाल्याची असो, शेजारच्या बाईंची असो, नाहीतर मजला चुकून आलेल्या कुणा भलत्याचीच असो. आतून कडी लागायची, नळ सुटायचा, आणि आलेलं माणूस गेल्याची पुरती खात्री झाली की मगच नळ बंद व्हायचा.

"तुमच्या बाबांना स्वच्छतेची फार आवड दिसते हो," शेजारच्या बाई एकदा म्हणाल्या.

"फार," असं म्हणून मुंगीनं वेळ मारून नेली.

मुंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. बाबा दीपगृहात नोकरीला होते आणि तिचं लहानपण दीपगृहाच्या पायथ्याशी असलेल्या दोन खोल्यांत गेलं. वरच्या सज्जातून पाहिलं की अंगणात खेळणारी पोर मुंगीएवढी दिसायची. बाबा वरून हाक मारायचे, "ए मुंगे, साखर सापडली का?" आणि ती खालून ओरडायची, "सापडली, पण देणार नाही!" वारा कितीही असला तरी बाबांचा आवाज खाली पोचायचाच. होडीतून सामान घेऊन येणारी माणसं म्हणायची, यांना दिवा लावायची गरजच काय, नुसती हाक मारली तरी जहाजं वळतील.

तेच बाबा निवृत्त होऊन तिच्याकडे राहायला आले, तेव्हा आई जाऊन बराच काळ लोटला होता. मुंगीनं मोठ्या हौसेनं खिडकीकडची खोली त्यांना दिली. पण जो माणूस आला तो कुणी वेगळाच होता. आवाज घशातच अडकलेला. हात सतत कापरा. चहाचा कप ओठांपर्यंत जाईतो बशीत निम्मा सांडलेला. मुंगी समोर बसली की ते कपाला हात लावायचे नाहीत, ती उठून गेली की गार झालेला चहा घटाघट पिऊन टाकायचे. आणि राग तर नाकावर. कपाटाचं दार उघडं राहिलं, पंख्याचा आवाज आला, वर्तमानपत्राची घडी उलटी पडली, की एकदम आरडाओरडा. मग थोड्या वेळानं खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून रडायचे. मुंगीला आधी वाटलं, आईच्या आठवणीनं होतंय. मग वाटलं, आपल्याच घरी यांचा जीव रमत नाही. हे दुसरं कारण तिनं कुणाला सांगितलं नाही, पण मनात ते घर करून बसलं.

मेंदूच्या डॉक्टरांनी कंपवाताच्या गोळ्या दिल्या. त्यांनी काडीचाही फरक पडला नाही. शेवटी डॉक्टरांनीच एका विषतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं.

बाई वयस्कर, बोलक्या, आणि टेबलावर पसारा एवढा की पेशंटची फाइल ठेवायला त्यांना आधी चष्म्याचं घर उचलावं लागलं. त्यांनी बाबांच्या हातात पेन्सिल दिली आणि कागदावर गोगलगाईच्या शंखासारखं वळण काढायला सांगितलं. बाबांनी काढलं. कागदावर जे उमटलं ते वळण नव्हतं, करवतीचे दात होते. बाबांनी पेन्सिल खाली ठेवली आणि मान फिरवून खिडकीबाहेर पाहत राहिले.

"काय काम करायचा हो तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"दीपगृहात होतो."

"अस्सं? जुनं दीपगृह? भिंग कशावर फिरायचं?"

आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच बाबांच्या आवाजात जीव आला.

"पाऱ्यावर! गोल हौद असतो, त्यात पारा. त्यावर अख्खं भिंग तरंगतं. दोन टनांचं, बाई. एका बोटानं ढकललं की सुटतं. आमची मुंगी चार वर्षांची असताना तिनं ढकललंय."

"बाप रे. आणि पारा मळला की?"

"गाळायचा. मऊ कातड्यात घ्यायचा आणि पिळायचा."

"हातांनी?"

"मग काय पायांनी?"

बाई हसल्या. "खिडक्या उघड्या ठेवून?"

"छे! वारा शिरला की दिवा फडफडतो. सगळं गच्च बंद. उन्हाळ्यात वर नुसती भट्टी."

मुंगी अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत होती आणि तिचं रोजचं कामच मुळी माशांतला पारा मोजायचं होतं. मासा कापायचा, वाटायचा, ॲसिडात विरघळवायचा, मशीनला लावायचा. पाऱ्याची एक छोटी बाटली उघडायची तरी ती दोन हातमोजे एकावर एक चढवायची, वाफ ओढून घेणाऱ्या कपाटात हात घालून काम करायची, आणि नवीन आलेल्या पोरींना दम भरायची की वाफ दिसत नाही म्हणून ती नाही असं समजू नका. आणि दीपगृहाच्या दोरीवर, तिच्या फ्रॉकशेजारी, पारा गाळायचं ते कातडं वाळत असायचं. ते तिनं हजारदा पाहिलं होतं. पण ते पाहणं आणि हे शिकणं या दोन गोष्टींची आयुष्यात एकदाही गाठ पडली नव्हती.

"पाऱ्याची वाफ फुप्फुसातून रक्तात जाते आणि रक्तातून मेंदूत," बाई म्हणाल्या. "हात कापतात. झोप उडते. आणि माणूस चिडतो, लाजतो, लपतो. फार लाजतो. पुस्तकात हे लक्षण म्हणून लिहिलेलं आहे."

मुंगीला न्हाणीघरातला तो नळ ऐकू आला.

बाईंनी रक्ताचे रिपोर्ट चाळले. "खाणं कसं होतं तुमचं? दीपगृहात मासे तर रोजच असतील."

"नाही नाही," मुंगी घाईनं म्हणाली. एवढ्या पडझडीत निदान एक गोष्ट तरी आपण वेळेवर केली होती याचं तिला हायसं वाटलं. "मासे मी बंद केलेत. माशांत पारा असतो ना. मी नोकरीला लागले त्याच वर्षी फोन करून सांगितलं, मासे बंद म्हणजे बंद. तेव्हापासून बाबांनी एक तुकडा खाल्लेला नाही."

बाईंनी चष्मा काढला.

"तरीच," त्या म्हणाल्या. "यांचं सेलेनियम फार खाली आहे. मी म्हटलं, समुद्रावर राहणारा माणूस, याचं सेलेनियम एवढं कमी कसं?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. सेलेनियम शरीराला चिमूटभरसुद्धा लागत नाही, अगदी कणभर लागतं. पण त्या कणावाचून मेंदूतली काही एन्झाइमं चालत नाहीत, आणि मेंदूची झीज भरून काढायचं काम त्यांच्याकडेच असतं. पाऱ्याला सेलेनियमची विलक्षण ओढ. एकदा धरलं की सोडत नाही. अंगात सेलेनियम भरपूर असेल तर ते पाऱ्याच्या गळ्यात पडतं आणि त्याला घेऊन कोपऱ्यात बसतं. दोघांचा मिळून एक न विरघळणारा कण होतो. पारा मेंदूतच राहतो, पण त्याचा उपद्रव कमी होतो. सेलेनियम मुळातच तुटपुंजं असेल तर मात्र पारा एन्झाइमांच्या वाट्याचंच ओढून घेतो, आणि ती जागच्या जागी ठप्प होतात.

"आणि सेलेनियम मिळतं कुठून? काही ठिकाणी धान्यातून मिळतं, जमिनीत असलं तर. आणि मासे. समुद्रातल्या बहुतेक माशांत ते पाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त असतं."

"म्हणजे मी..." मुंगी म्हणाली.

"थांबा. तसं तुम्ही म्हणू नका, कारण मी पण म्हणणार नाही. एका माणसावरून काही सिद्ध होत नसतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. मासे खाऊनही हेच झालं असतं कदाचित. विष हौदात होतं, ताटात नव्हतं."

"मग आता गोळ्या?"

"अगदी थोड्या. जास्त झालं तर सेलेनियम स्वतःच विष आहे, केस गळतात, नखं झडतात. त्यापेक्षा मासे सुरू करा. छोटे. बांगडा चालेल."

"हात थांबतील का पण?"

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मेंदूत बसलेला पारा उकरून काढता येत नाही. गेलेलं किती परत येईल, माहीत नाही. जे उरलंय ते सांभाळायचं."

दुसऱ्या दिवशी मुंगीनं बाजारातून आलेल्या बांगड्याचे तुकडे मशीनला लावले. नवं मशीन एका दमात वीस-तीस मूलद्रव्यं मोजू शकायचं, पण नियमात जेवढी लिहिलेली तेवढीच ते मोजत. सेलेनियम नियमात नव्हतं. तिनं पडद्यावर सेलेनियमच्या चौकटीत खूण केली.

"हे कुणी मागितलंय?" मागून साहेबांनी विचारलं.

"मी."

"तुम्ही? हौस म्हणून?"

"हो, हौस म्हणून," मुंगी म्हणाली आणि तिचा आवाज असा चिरकला की साहेब पुढे काही न विचारता चहाला गेले.

आकडे आले. पाऱ्याच्या एका अणूमागे सेलेनियमचे दहावर. दुसऱ्या तुकड्यात त्याहूनही जास्त. मुंगी पडद्याकडे पाहत राहिली. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिच्याकडे मोठ्या शार्क माशांचे नमुने आले होते, पाऱ्यानं भरलेले, नियमाच्या कितीतरी वर. ते आकडे पाहून तिची झोप उडाली होती. त्याच आठवड्यात तिनं बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, अगं मी शार्क कुठं खातो, मी आपला खडकावर बसून गळ टाकतो. आणि त्यांनी बर्फाच्या डब्यात घालून होडीवाल्याबरोबर आपला एक बांगडा पाठवला, मोज म्हणाले. तिनं मोजला. पारा नियमाच्या खूप खाली होता. तरी ती म्हणाली, "कमी आहे बाबा, पण आहे ना. रोज खाल्लं तर साठतं." नवी नवी नोकरी, नवं नवं ज्ञान, तिला तेव्हा शून्याशिवाय दुसरा कुठलाच आकडा चालत नव्हता. आणि ज्या माणसाला ती हे सांगत होती, तो फोन ठेवून पारा गाळायला वर गेला असेल.

रविवारी ती कप्तानकाकांकडे गेली. काका बाबांचे हाताखालचे. त्यांनी जन्मात जहाज चालवलं नव्हतं. सामानाच्या होडीत बसले तरी त्यांना ओकारी व्हायची, म्हणूनच सगळ्यांनी त्यांना कप्तान करून टाकलं होतं. ते बंदरामागच्या गल्लीत लेकाकडे राहत. मुंगी गेली तेव्हा ओट्यावर बसून शर्टाला बटण लावत होते. तिचं लक्ष त्यांच्या हातांवर खिळलं. काकांनी दोरा ओठांत ओला केला आणि एका झटक्यात सुईच्या नेढ्यातून ओवला.

तिला जे बघायचं होतं ते तिनं बघितलं. एकच दीपगृह, तोच हौद, जवळजवळ तेवढीच वर्षं. काका मासे खात राहिले, बाबांनी सोडले. आता याहून आणखी काय हवं?

"या मशीनवाल्या बाई!" काका म्हणाले. "आज कुठल्या माशाचं पोस्टमॉर्टेम?"

तिनं सगळं सांगितलं. काकांचा चेहरा उतरला. बराच वेळ ते बटणाशी चाळा करत राहिले.

"काका, तुमचे हात कसे ठणठणीत?"

"माझे?" काकांनी हात पुढे धरून उलटसुलट पाहिले, जणू आज पहिल्यांदाच बघतायत. "अगं, पण मी पारा कुठं गाळायचो?"

"म्हणजे?"

"सुरुवातीला एकदा गाळायला बसलो आणि अख्खं कातडं हातातून सटकलं. पारा जिन्यावरून टपटप, टपटप, तळापर्यंत! तुझे बाबा आणि मी दिवसभर रांगत गोळ्या वेचत होतो. तेव्हा ते मला म्हणाले, कप्तान, तू परत या हौदाजवळ दिसलास तर तुलाच कातड्यात घालून पिळीन. झालं. तेव्हापासून मी काचा पुसायचो, तेलपाणी बघायचो. गाळणं त्यांचं एकट्याचं."

मुंगी ओट्याच्या कडेवर बसली. म्हणजे तुलना कोसळली. दोघांच्या वाट्याला पारा सारखा आलेलाच नव्हता, तेव्हा मासे खाल्ल्यानं हा वाचला आणि न खाल्ल्यानं तो बुडाला असं काही म्हणता येणार नव्हतं. प्रयोगशाळेत असा निष्कर्ष कुणी आणला असता तर तिनंच परत पाठवला असता. मनावरचा भार उतरायला हवा होता. पण तो तसूभरही हलला नाही, कारण आता तिला कधीच कळणार नव्हतं.

"त्यांना मासे आवडायचे ना काका?"

"आवडायचे? अगं, तू नको म्हणालीस तरी गळ टाकायचे काही त्यांनी सोडलं नाही. धरायचे आणि मला द्यायचे. मी तळायचो, आणि हे शेजारी बसून उकडलेले बटाटे खायचे. मी म्हणायचो, साहेब, एक तुकडा घ्या, कोण बघतंय? तर म्हणायचे, माझी मुलगी मशीनवर मोजते. तुझ्यामाझ्यासारखं अंदाजपंचे नाही तिचं. होडीवाले आले, त्यांना तेच. तपासणीला साहेब आला, त्यालाही तेच. आमची मुंगी दाण्यातला दाणा, त्यातलाही कण मोजते. तो साहेब बिचारा दिव्याचं विचारायला आलेला, त्याला अर्धा तास तुझं मशीन ऐकावं लागलं!"

काका हसायला लागले आणि तिच्याकडे बघून मध्येच थांबले.

"घाबरून नव्हते सोडले गं त्यांनी," ते हळू आवाजात म्हणाले. "पाऱ्याला कोण घाबरणार, रोज कोपरापर्यंत हात घालणारा माणूस. तुझा शब्द म्हणून सोडले."

परत येताना मुंगीनं बांगडे घेतले. घरी येऊन साफ केले, मीठ आणि मिरपूड लावून तव्यावर परतले. वासानं बाबा खोलीच्या दारापर्यंत आले आणि चौकटीला धरून उभे राहिले. कितीतरी दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर असं काही दिसलं नव्हतं. भूकच होती ती, साधी.

तिनं ताट मांडलं. बाबा बसले. मग दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबले.

"मला नको."

"का? तुम्हाला आवडतो ना?"

"तूच नको म्हणालीस. साठतं."

"आता चालेल, बाबा. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय."

"त्या मोजतात का?" बाबा म्हणाले. "तू मोजतेस."

मुंगीनं तव्याखालचा गॅस उगाचच पुन्हा एकदा बंद केला.

"हा लावला होतास मशीनला?" बाबांनी विचारलं.

"हा नाही. याच आठवड्यात बाजारातले लावले होते."

"किती आला?"

काहीही सांगता आलं असतं. शून्य म्हणाली असती तर बाबा खूश होऊन जेवले असते, आणि उद्या बेल वाजल्यावर कदाचित न्हाणीघरात जायच्या आधी दूधवाल्याला सांगूनही आले असते. पण मशीनचा आकडा बदलून सांगायची तिच्या जिभेला सवय नव्हती. ती खोटा शोधेपर्यंत खरा आकडा तोंडातून निघून गेला होता.

"पॉइंट शून्य सहा."

बाबा ताटाकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलले, आकडा त्यांनी स्वतःशीच एकदा म्हणून पाहिला.

"तेव्हाही एवढाच होता," ते म्हणाले. "मी पाठवलेला, बर्फातून. पॉइंट शून्य सहा. मग तेव्हा का नको म्हणालीस?"

समुद्र बदललाय, नियम बदललाय, मशीन बदललंय. तिच्यापाशी तीन सबबी अगदी जिभेच्या टोकावर होत्या. बाबा तिच्याकडे सरळ पाहत होते. इथे आल्यापासून त्यांनी कुणाच्याच डोळ्यांना डोळा दिला नव्हता.

"तेव्हाही खायला हरकत नव्हती, बाबा. उलट खायला हवे होते. माशात जसा पारा असतो तसं त्यावरचं औषधही असतं, थोडंफार. मी नुसता पारा मोजला. दुसरं मोजलंच नाही. चुकलं माझं."

"चुकलं?"

"हो."

"मशीन चुकलं?"

"मशीन नाही. मी."

बाबांनी एक हात मांडीखालून काढला. तो ताटाच्या कडेवर थडथड वाजायला लागला तसा परत दाबून धरला.

"पण मी सगळ्यांना सांगितलं," ते म्हणाले. "होडीवाल्यांना सांगितलं. त्या तपासणीच्या साहेबाला सांगितलं. त्याला मुलं होती. त्यानं बंद केले असतील मुलांचे."

"नसतील केले, बाबा."

"मी म्हणालो, माझी मुलगी सांगते म्हणजे... कप्तानला तर रोज सांगायचो."

"काकांनी नाही सोडले."

"तो माझं कधी ऐकतो!" बाबा म्हणाले, आणि क्षणभर हसू फुटल्यासारखं वाटलं. मग ते जिथून आलं तिथंच विरून गेलं. ते उठले. खुर्ची मागे आपटली ती त्यांनी उचलली नाही. मुंगीला वाटलं, आता ओरडतील. ओरडायला हवं होतं. पण ते हळूच खोलीत गेले आणि आतून कडी लावली. ती बराच वेळ दाराबाहेर उभी राहिली. आत ना रडण्याचा आवाज होता, ना कशाचाच. ताटातला बांगडा गार झाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मासा खाल्ला. मुकाट्यानं खाल्ला, कितीला आला ते विचारलं नाही. त्यानंतरही कधी विचारलं नाही.

काही महिन्यांनी रक्ताचा नवा रिपोर्ट आला. सेलेनियम जिथं असायला हवं तिथं आलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान. त्यांनी पुन्हा पेन्सिल दिली, बाबांनी पुन्हा वळण काढलं. मुंगीनं ते जुन्या कागदाशेजारी धरून पाहिलं. तिला वाटलं, दात जरा बोथट झालेत. मग वाटलं, आपल्याला तसं वाटायला हवंय म्हणून वाटतंय. तिनं दोन्ही कागद बाईंना दिले. बाईंनी ते फाइलला लावून टाकले.

चिडणं मात्र कमी झालं. झोप थोडी लागायला लागली. घरी हाताचे व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. पहिल्यांदा त्यांच्या बेलेला नळ सुटला, दुसऱ्यांदाही सुटला. पण बाई चिवट, त्या न्हाणीघराच्या दाराला पाठ लावून आपल्या मांजरीच्या गोष्टी सांगत बसल्या. पुढे बाबा बाहेर यायला लागले. टेबलावर रबरी चेंडू ठेवून बाई म्हणायच्या, दाबा, सोडा, दाबा, सोडा, आणि बरोबरीनं गप्पा.

एके दिवशी मुंगी ओट्याशी दुपारचा बांगडा साफ करत उभी होती, तेव्हा व्यायामाच्या बाईंचा आवाज आला.

"काका, तुमची मुलगी काय करते हो?"

मुंगीचा हात थांबला. चेंडू दाबल्याचा तो फुसफुस आवाजही थांबला होता.

"नोकरी करते," बाबा म्हणाले.

"कसली?"

"आहे एक ऑफिस."

"बरं, आता डावा हात," बाई म्हणाल्या. "दाबा, सोडा."

बाई गेल्यावर मुंगीनं ताट वाढलं. बाबांना आता काटे काढणं जमत नसे, म्हणून ती मासा सोडवून, एकेक पाकळी बोटांनी चाचपून द्यायची. त्या दिवशी तिनं नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. बाबा समोर बसून तिची बोटं बघत होते. तिनं ताट पुढे सरकवलं. त्यांनी कापरं बोट पाकळीवर ठेवलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश, दाबून दाबून फिरवलं. मग दुसऱ्या पाकळीवर. मग तिसऱ्या. सगळ्या तपासून झाल्या, तेव्हा कुठं त्यांनी पहिला घास घेतला.

"काटा नाही," ते म्हणाले.

"हो बाबा," मुंगी म्हणाली आणि हात धुवायला उठली.